रुमाल टाकलेली मॅच

अगं ए,

मराठी मंडळाचे लोक आले होते. म्हणाले, वहिनींवर दोन शब्द लिहून द्या, अंकात छापू. जन्म कुठला, शिक्षण किती, स्वभाव कसा. मी म्हटलं, जन्म-शिक्षण मिलिंदला विचारा, मुलगा आहे तो तिचा, शिकलेला आहे. आणि स्वभावाचं म्हणाल तर गेलेल्या सगळ्याच बायका तुमच्या अंकात मनमिळाऊ असतात. तू मनमिळाऊ नव्हतीस. प्रेम नगरातल्या अर्ध्या बायकांशी तुझं बोलणं बंद होतं आणि उरलेल्या अर्ध्या तुझ्या धाकात होत्या. तेव्हा दोन शब्द वगैरे काही नाही. मी तुलाच लिहितो. त्यांना छापायचं तर छापू देत. पाचवीपर्यंतचं लिहिणं आहे माझं, कानामात्रा चुकला तर सांगायला तू नाहीस.

तुझी ती अर्धी राहिलेली मॅच. ती तशीच ठेवायची की संपवायची, यावरून मिलिंदचं आणि माझं भांडण झालं. त्याचंच सांगायचंय. पण मंडळवाले वाचणार म्हणजे त्यांना आधी कळायला हवं की अंथरुणाला लागलेल्या म्हातारीचा मॅचशी काय संबंध. तू जरा दम धर.

ते मशीन मिलिंदचं. पुण्याहून येताना गाडीत खेळायला घेतलेलं. वहीएवढंही नाही, मध्ये काच, दोन्ही बाजूंना बटणं. जुने खेळ चालतात त्यात. तुझ्या हृदयाचं निघालं, डॉक्टरनं सांगितलं की आता पलंगावरून उठायचं ते फक्त न्हाणीघरापर्यंत, तेव्हा तो तुझ्या उशाशी ठेवून गेला. मी म्हटलं, आईला जपमाळ द्यायची सोडून हे काय देतोस? तू म्हणालीस, जप तुम्ही करा, तुम्हाला गरज आहे.

त्यात फुटबॉल होता, गाड्यांची शर्यत होती, कुस्ती होती. तुला क्रिकेट हवं होतं. डॉक्टरकडून येताना तू रिक्षा बडा बाजारात वळवायला लावलीस. त्या मोबाईलवाल्याच्या दुकानाला पायऱ्या, म्हणून तोच बाहेर आला.

"पोते के लिए डलवाना है, माताजी?"

"नहीं भैया. मेरे लिए."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

मग त्यानं आत नेऊन काहीतरी केलं आणि परत येऊन म्हणाला, "कार्ड छोटा है, गेम बड़ा है. दबा के डालना पड़ेगा. दबाने में कमेंट्री निकल जाएगी, बाकी सब चलेगा."

"निकाल दीजिए," तू म्हणालीस. "कमेंट्री घर में है."

मला रिक्षात कळेना, एवढा मोठा खेळ दाबून एवढाशा कार्डात बसतो कसा. वर्कशॉपात मी इतकी वर्षं लोखंड दाबलं. दाबलं की ते दाबलेलंच राहतं. तू म्हणालीस, "अहो, कुरडईसारखं. वाळवून डब्यात ठेवायची, तेलात सोडली की फुलते."

"आणि कमेंट्री?"

"तो चोथा. तो काढूनच टाकायचा असतो."

घर येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. तुला फरक पडला नाही.

पहिल्या दिवशी नुसतं टक, टक. बॉल बॅटला लागला की टक. लोकांचा आवाज नाही, कुणाचं बोलणं नाही. थोडा वेळ खेळून तू मशीन पोटावर ठेवलंस. "बोला ना हो काहीतरी. सुतकातल्या माणसांची मॅच वाटतेय."

"काय बोलू?"

"दिसेल ते."

मी घरात बोलणारा माणूस नव्हे. वर्कशॉपात घणाचे आवाज, तिथे सगळं हातवाऱ्यानं चालायचं, तीच सवय. घरी जेवायला वाढ, चाललो, आलो, एवढ्यात दिवस निघायचा. पण पलंगाशेजारी स्टूल घेऊन बसलो आणि सुरू केलं. आधी चाचरत, मग काय विचारू नकोस. हिंदी, मराठी, मध्येच इथली गावठी बुंदेली. तुला ठसका लागेपर्यंत हसवलंय मी. इतक्या वर्षांचं साठलेलं बोलणं त्या एका वर्षात निघालं. तू आजारी पडली नसतीस तर ते तसंच माझ्याबरोबर गेलं असतं. हे उपकार म्हणू की काय म्हणू? तुझ्या दुखण्याचे उपकार मानायचे म्हणजे जीभ जड होते.

टीम तूच भरलीस. त्यात खेळाडूंची नावं बदलता यायची. नववीपर्यंतचं इंग्रजी तुझं, एकेक अक्षर शोधून टाकलंस. माझी आई विकेटकीपर. मी म्हटलं, तिला मेल्यावरही उन्हात उभं करतेस? तर म्हणे, "सासूबाईंच्या नजरेतून कधी काही सुटलं का? मग बॉल कसा सुटेल?" गरौठ्याहून येणारा आपला दूधवाला पहिला बोलर. एकदा मी रंगात येऊन ओरडलो, "रामसेवक आला, आज पाणी जास्त आहे, बॉल पातळ पडतोय!" तर तो खरोखरचा दारात उभा, हातात माप घेऊन.

"काए दद्दा, हमाओ नाम काए लै रये?"

"तुम्हें विकेट मिली है, भैया," तू आतून ओरडलीस. बिचारा किती दिवस विचारत होता, कसली विकेट.

सलामीला वच्छी. मी विचारलं, ही कोण? तू मान वर न करता म्हणालीस, "मी."

लग्नात तुझं नाव तांदळात सुमन लिहिलं, माझ्या वडिलांनी ठरवलेलं. वत्सला ग्वाल्हेरला माहेरी राहिली. तुझे वडील होते तोवर पत्रात चिरंजीव वच्छीस अनेक आशीर्वाद असायचं, ते गेल्यावर तेही गेलं. मी तर सुमनही कधी म्हटलं नाही. लग्नात पंगतीत एकदा घेतलं असेल तेवढंच. अगं, ए, ऐकलंस का, मिलिंदची आई, यावर संसार झाला. आपल्याकडे तेव्हा तसंच होतं, तूही मला अहोच्या पुढे काही म्हटलं नाहीस. पण आता पंचाईत झाली. अगं एनं चौका मारला, असं कमेंट्रीत म्हणता येईना.

मग म्हटलं. वच्छी.

"जोरात बोला. ऐकू नाही आलं," तू म्हणालीस.

आलं होतं. मला माहीत आहे आलं होतं.

आता तुझ्या-माझ्या भांडणाकडे येतो. मशीनमध्ये एक सोय होती. खेळ जिथं असेल तिथं ती जागा तशीच्या तशी ठेवून द्यायची. नंतर उघडली की माणसं तिथेच, बॉल तिथेच. दुकानवाला तिला सेव्ह म्हणायचा. तू म्हणायचीस रुमाल टाकणं. आपण पॅसेंजरच्या खिडकीतून सीटवर टाकायचो तसा. तू दर ओव्हरला रुमाल टाकायचीस आणि आऊट झालीस की बटण दाबून पुन्हा त्या रुमालापाशी. जसं काही झालंच नाही.

मी म्हटलं, ही बेईमानी आहे.

"कुणाचं नुकसान झालं? मशीनचं?"

"आऊट म्हणजे आऊट."

"कमेंट्रीवाला बोलला की आऊट. त्याच्या आधी नाही."

म्हणजे मी. मग आपली शर्यत लागायची. स्टंप उडाला की मी आ करायचो, तोवर तुझा अंगठा बटणावर. देवळासाठी वाती वळून वळून तुझ्या अंगठ्याला काय वेग आला होता. कधी मी जिंकायचो, आऊट म्हणून मोकळा व्हायचो, तर तू म्हणायचीस, "मी नाही ऐकलं. बाहेर भाजीवाला ओरडत होता."

आणि हा रुमाल फक्त वच्छीसाठी. मिलिंद शून्यावर गेला, जाऊ दिलास. म्हणे लागू दे त्याला सवय. सासू गेली, दूधवाला गेला. तू आपली एका टोकाला उभी, घामसुद्धा नाही.

एकदा मी फार चिडलो. म्हटलं, असल्या खेळण्यात काय गंमत? तू म्हणालीस, "मागं जाऊन नीट करता येतं अशी एवढी एकच जागा मिळालीय मला. ती पण तुम्हाला बघवत नाही?"

मी विचारलं, काय नीट करायचंय तुला?

"लेग साईडचा बॉल," तू म्हणालीस आणि खेळायला लागलीस.

ते तसंच राहिलं. मला आता रोज वाटतं, पुढे विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तरी तू सांगितलं नसतंस. आणि सांगितलं असतंस तर मला झेपलं नसतं. माझा कुठला प्रश्न, तुझं कुठलं उत्तर, काही कळत नाही.

दुसरं राहिलं ते माझ्या नंबरचं. मला तू अकराव्या नंबरला टाकलंस. वर्कशॉपच्या टीममध्ये मी तिसऱ्याला जायचो, हे तुला माहीत होतं. "तिथं जा मग," म्हणालीस. मी म्हटलं, अगं पण शेवटी का? "तुमचे गुडघे बघा." ते कारण नव्हतं, तुझे गुडघे माझ्याहून वाईट. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणालीस, "सांगेन कधीतरी."

कधीतरी.

त्या दुपारी तुझे पाय फार सुजले होते. मी म्हटलं, आज खेळ राहू दे. तू ऐकणार होतीस थोडीच. जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या आणि दूधवाला गेला. नववी विकेट. मग काचेत मी चालत आलो, पॅड बांधून. तू त्या काचेतल्या माणसाला म्हणालीस, "या." आणि हसलीस. ओठ निळे पडले होते तुझे आणि हसत होतीस.

स्ट्राइक तुझी होती. मी कमेंट्री सुरू केली, तर तू हात वर केलास. "थांबा हं जरा. दम लागतोय. रुमाल टाकते, आल्यावर खेळू." मशीन तू स्वतः उशीखाली सरकवलंस. मग रिक्षा, मग दवाखाना. आलीस परत, पण खेळायला नाही.

बातमी मी कुणाला सांगितली नाही. शेजारच्यांनी फोन केले, मिलिंदलाही त्यांनीच कळवलं. माझ्या हातात कुणी कुणी फोन देत होतं, तुमच्या तोंडून सांगा म्हणून. तोंड उघडायचं, शब्द नाही यायचा. लोक म्हणाले, धक्का बसलाय. असेल.

गादी उचलताना मशीन सापडलं. मी ते भांड्यांच्या कपाटात ठेवलं, चार्जरची वायर लावून. मला वाटलं, बॅटरी उतरली की तुझी मॅच जाईल. म्हणून वायर काढलीच नाही. उघडून मात्र बघितलं नाही. चहा करायला उभा राहिलो की समोर ते आणि त्याचा लाल दिवा. दूध उतू जायला लागलं की तोंडातून निघायचं, "आणि हे चाललं, सीमापार!" मग रिकामं घर ऐकू यायचं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मिलिंद कपाटात वाटी शोधत होता. मशीन त्याच्या हातात आलं. पाठ फुगून वर आलेली, झाकण उघडं पडलेलं.

"बाबा! हे काय? बॅटरी फूल गई है. कधीपासून लावून ठेवलंय?"

मी सांगितलं.

त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, मॅच कार्डात असते, बॅटरीत नाही. लावून ठेवल्यानंच फुगली ही. कधीही फटेल."

म्हणजे मी तुझी मॅच जपत होतो आणि तिच्याखाली भट्टी पेटवत होतो. फिटर म्हणून निवृत्त झालेला माणूस. तू असतीस तर महिनाभर चिडवायला पुरवलं असतंस.

मिलिंद म्हणाला, मी नवीन घेऊन देतो. मोठं कार्ड, खेळ पूर्ण, दाबलेला नाही. "आईची टीम त्यात नेता येईल, बाबा. नावं सगळी येतील. आणि कमेंट्री असेल. तुम्हाला सोबत होईल."

"आणि ही मॅच?"

"ती नाही येणार. आईनं जिथं थांबवलीय ती जागा याच मशीनमध्ये, याच दाबलेल्या फाईलवर उघडते. दुसरीकडे नाही."

"मग राहू दे हेच."

"घरात ठेवू शकत नाही हे. आग लागेल."

"लागू दे."

"बाबा!"

"तुझ्या आईला लागलीच ना?"

ते बोलायला नको होतं. पण बोललो. तो बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्याचं मराठी पुण्यात लोक हसतात असं, आणि त्याचं हिंदी इथं आता पुण्याचं वाटतं. कुठंच धड नाही पोरगा. आई होती तोवर होता धड. मला कळतं सगळं, पण सोबतीला गोऱ्याची इंग्रजी कमेंट्री! मी काय करू ती ऐकून? ती दाबून काढली म्हणून तर तू मला बोलायला लावलंस.

मी आत पलंगावर बसून राहिलो. तुझ्या बाजूला. आणि मला गाडीतला तो माणूस आठवला. रुमाल टाकून गेलेला, आलाच नाही. गाडी सुटली, लोक उभे, आणि रुमालाला कुणी हात लावेना. तू उठून तो रुमाल खिडकीच्या गजाला बांधलास आणि एका म्हाताऱ्याला बसवलंस तिथं. म्हणालीस, जागा माणसासाठी असते, फडक्यासाठी नाही.

मिलिंदला हाक मारली. म्हटलं, ये. संपवू.

"मी खेळू?"

"मला कुठं येतं? मी फक्त बोलतो."

तो तुझ्या जागी बसला, पाय वर घेऊन, तुझ्यासारखाच. मशीन जेमतेम चालू झालं. त्यानं रुमाल उचलला आणि तू होतीस तिथंच होतीस. हेल्मेट नीट करत होतीस. दुसऱ्या टोकाला मी.

मिलिंदनं एक बॉल तटवला, एकावर दोन रन काढले. मी नुसतं "हं" म्हणत होतो. मग त्यानं एक कव्हरमधून मारला, सणसणीत, तू मारायचीस तसा, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "अरे वाह! ग्वालियर की गोली!"

मिलिंद हसायला लागला. "असं बोलायचात तुम्ही? आईसमोर?"

"बॉलकडे बघ."

"आई यात कुठंय पण? सुमन नाव दिसत नाही कुठं."

बोलर धावत यायला लागला होता. मी कमेंट्रीच्या भरात होतो. म्हटलं, "आणि वच्छी तयार, वच्छीची नजर बसलेली."

"वच्छी कोण, बाबा?"

"तुझी आई."

त्यानं वर माझ्याकडे बघितलं. बटण राहिलं. टक झालं, पण ते बॅटचं नव्हतं.

तुझे स्टंप पडलेले. तू तिथंच उभी, मागं वळून बघत. खेळ तेवढ्यात थांबतो, पुढचं बटण दाबेपर्यंत. मिलिंदचं तोंड उतरलं. "माझी चूक झाली. मागं घेतो, बाबा. पटकन होतं." त्याचा अंगठा तिथं पोचला होता. पण दाबत नव्हता. त्याला तुझा नियम कुणी सांगितला नव्हता, तरी तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता.

घे म्हणणार होतो मी. बेईमानी तर बेईमानी. तू पुन्हा उभी राहिली असतीस, हेल्मेट नीट करत. कितीही वेळा. पण रुमाल पडलाय कुठं? तुला दम लागला तिथं. मागं गेलो तरी त्या दुपारपर्यंतच जाणार. सुजलेले पाय, निळे ओठ, थांबा हं जरा. त्याच्या आधीची जागा आपण धरलीच नव्हती गं. तेवढ्यासाठी तुला पुन्हा पुन्हा तिथं उभं करायचं? दम लागलेल्या बाईला?

मी म्हटलं, "वच्छी आऊट."

मोठ्यानं म्हटलं. ऐकलं नाही असं तुला म्हणता येऊ नये म्हणून.

मिलिंद तुझ्या उशीवर डोकं ठेवून रडला. इतके दिवस लोकांची व्यवस्था बघत होता, रडला नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पुढचं बटण दाबलं. सगळ्यांची नावं आली, कुणी किती केल्या त्याची. वर तू, खाली बाकीचे. सगळ्यात शेवटी माझं नाव. बॉल एकही खेळलेला नाही, रन एकही नाही. आणि पुढं लिहिलेलं, नॉट आऊट.

एवढं इंग्रजी मला वाचता येतं.